१९६५-६६ मस्टँग: सी-४ ऑटोमॅटिक काढून टी-५ मॅन्युअल गिअरबॉक्स बसवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती २८९ व्ही-८ इंजिन आणि तीन गिअरांचा सी-४ ऑटोमॅटिक असलेल्या १९६५ व १९६६ च्या फोर्ड मस्टँगसाठी आहे. सहा सिलिंडरच्या गाडीची बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं घंटेच्या आकाराचं कवच), फ्लायव्हील (क्रँकच्या मागे बसणारं जड दातेरी चाक) आणि मागचा ॲक्सल वेगळा असतो. त्या गाडीसाठी इथले सुटे भाग मागवू नका.

माझी गाडी मुळात ऑटोमॅटिक होती की कुणी आधीच बदललेली आहे, हे कसं कळेल?

ड्रायव्हरच्या दारावरची पत्र्याची पाटी बघा. ट्रान्समिशनच्या रकान्यात ६ असेल तर गाडी कारखान्यातून सी-४ घेऊन आली. १ म्हणजे तीन गिअरांचं मॅन्युअल, ५ म्हणजे चार गिअरांचं. त्याच पाटीवर ॲक्सलचाही अंक असतो: १ म्हणजे ३.००, ६ म्हणजे २.८०. हा अंक लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. मात्र साठ वर्षांत दार बदललेलं असू शकतं, ॲक्सलही. म्हणून एकदा मागची चाकं उचलून, प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करून प्रत्यक्ष मोजाच. दोन्ही चाकं सारखीच एक पूर्ण फेरी फिरवली की शाफ्टच्या जेवढ्या फेऱ्या होतात, तेवढा रेशो.

चासी नंबरातलं पाचवं अक्षर इंजिन सांगतं. सी म्हणजे २८९ दोन बॅरल कार्बोरेटरवालं, ए म्हणजे चार बॅरलवालं, के म्हणजे २७१ अश्वशक्तीचं हाय परफॉर्मन्स. के अक्षराची मूळ ऑटोमॅटिक गाडी असेल तर आमचं स्पष्ट मत आहे की तिला हात लावू नका. अशा गाड्या फारच थोड्या आहेत आणि त्यांची किंमत मूळपणातच आहे.

टी-५ च का? त्या काळातला चार गिअरांचा टॉपलोडर का नको?

टॉपलोडर उत्तम, दणकट, आणि मस्टँगच्या काळाला शोभणारा आहे. पण चौथा गिअर सरळ १.०० चा, ओव्हरड्राइव्ह (१.०० हून कमी रेशोचा, इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा गिअर) नाही. महामार्गावर इंजिन तितकंच फिरत राहतं जितकं सी-४ च्या टॉप गिअरमध्ये फिरायचं. गाडी प्रदर्शनात न्यायची असेल तर टॉपलोडर घ्या; चालवायची असेल तर टी-५.

टी-५ मूळ बोर्ग-वॉर्नरचा. १९८३ पासून मस्टँगमध्ये आला आणि १९८५ पासून व्ही-८ गाड्यांत त्याची ‘वर्ल्ड क्लास’ आवृत्ती येऊ लागली. तिचे गिअर ३.३५, १.९३ (काहींत १.९९), १.२९ (काहींत १.३३), १.०० आणि ०.६८. वजन अंदाजे ३४ किलो, म्हणजे दोन माणसं आणि एक ट्रान्समिशन जॅक पुरतो. १९८५ ते ८९ च्या बॉक्सची टॉर्कची मर्यादा २६५ पाउंड-फूट, १९९० ते ९३ च्या बॉक्सची ३००. जवळपास मूळ अवस्थेतल्या २८९ ला हे पुरेसं आहे. इंजिन बांधून ताकद वाढवली असेल, रुंद चिकट टायर लावून क्लच झटक्याने सोडायची सवय असेल, तर टी-५ चा तिसरा गिअर आधी दात सोडतो. तेव्हा ट्रेमेकचा टीकेएक्स बघा. तो ६०० पाउंड-फुटांपर्यंत चालतो, पण आकाराने मोठा आहे आणि खर्चही बराच वाढतो.

जुन्या बाजारात टी-५ घेताना काय तपासायचं?

नावाला भुलू नका. टी-५ जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) गाड्यांतही आला आणि फोर्डच्या चार सिलिंडर गाड्यांतही. जीएमच्या कॅमेरोचा बॉक्स तिरका बसतो, त्याचं फाउंडेशन (बॉक्स टेकवायचा आधार) वेगळं असतं. चार सिलिंडरवाल्या फोर्डच्या बॉक्सचा पहिला गिअर ४ च्या आसपास असतो आणि तो व्ही-८ चा टॉर्क झेलायला बनलेला नाही. आपल्याला हवा तो १९८५ ते ९३ च्या ५.० लिटर मस्टँगचा.

शेपटीकडच्या बोल्टला ॲल्युमिनियमची छोटी पट्टी असते, तिच्यावर १३५२ ने सुरू होणारा क्रमांक असतो. पट्टी हरवली असेल तर समोरून बघा: काउंटरशाफ्टच्या पुढच्या टोकाला टेपर बेअरिंगची गोल कप दिसली तर वर्ल्ड क्लास, चपटी लहान लोखंडी टिकली दिसली तर जुनी आवृत्ती.

टॉप शाफ्ट, म्हणजे क्लच प्लेटमध्ये जाणारा शाफ्ट, १० आट्यांचा (म्हणजे लांबीने कोरलेल्या १० खाचांचा) आणि १ पूर्णांक १/१६ इंच व्यासाचा हवा. १९९४-९५ च्या बॉक्सचा हा शाफ्ट सुमारे पाऊण इंचाने लांब असतो. तो आधीच्या बेल हाउसिंगवर बसत नाही. विकणारा ‘सगळे सारखेच’ म्हणाला तरी पट्टी लावून मोजा. मग शाफ्ट हाताने वर-खाली हलवा. थोडी ढिलाई चालते, खटखट चालत नाही. तेल काढून बघा: बारीक राखाडी मळी ठीक, चमकणारे पिवळे तुकडे म्हणजे सिंक्रो रिंगा (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या) आणि गिअर सरकवणाऱ्या फोर्कची पॅडं गेली.

मागचा ॲक्सल बदलावा लागतो का?

या प्रश्नाचं उत्तर बॉक्स विकत घेण्याआधी शोधायचं असतं. बहुतेक लोक नंतर शोधतात आणि मग पाचवा गिअर कधी वापरतच नाहीत.

हिशोब साधा आहे. त्या काळच्या मापाच्या टायरची मैलामागे साधारण ८२५ चक्रं होतात. ताशी १०० किलोमीटरला ३.०० च्या ॲक्सलवर सी-४ च्या टॉप गिअरमध्ये इंजिन सुमारे २५६० फेऱ्या मारतं. तोच ॲक्सल ठेवून टी-५ चा पाचवा लावला की १७४० च होतात. २.८० असेल तर १६३०. एवढ्या कमी फेऱ्यांवर २८९ इंजिन दबतं, चढावर पिकअप राहत नाही, पेट्रोलची बचतही होत नाही कारण ॲक्सिलरेटर खोल दाबावा लागतो. ३.५० चा ॲक्सल घातला तर पाचव्यात २०३० च्या आसपास फेऱ्या येतात, आणि तिथे हे इंजिन खुशीत चालतं.

दुसरी बाजू पहिल्या गिअरची. ३.३५ गुणिले ३.५० म्हणजे ११.७. गाडी जागेवरून झपकन सुटते, पण पहिला गिअर लगेच संपतो. ३.२५ वर हाच आकडा १०.९ येतो. शहरात जास्त चालणाऱ्या गाडीला ३.२५, लांब पल्ल्याला ३.५०, असं आम्ही सुचवतो. ८ इंची ॲक्सलचा मधला गोळा पुढून अख्खा निघतो, त्यामुळे क्राउन-पिनियन बसवून तयार असलेला दुसरा गोळा टाकणं हे एका दिवसाचं काम आहे.

सामानाची यादी काय?

टी-५ बॉक्स आणि त्याचा गिअर लिव्हर. बेल हाउसिंग १, आणि इंजिन व बेल यांच्या मधली मॅन्युअलसाठीची पत्र्याची प्लेट १. १५७ दातांचं, २८ औंसाच्या असंतुलनाचं फ्लायव्हील १, नवे बोल्ट ६. साडेदहा इंची क्लच प्लेट व डायफ्राम प्रेशर प्लेट, तिचे बोल्ट ६. पायलट बेअरिंग (क्रँकच्या मागच्या भोकात बसून टॉप शाफ्टचं टोक धरणारं), रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं), क्लच फोर्क प्रत्येकी १. मॅन्युअल गाडीचा पेडल सेट. क्लचची केबल किंवा हायड्रॉलिक किट. टी-५ साठीचा क्रॉसमेंबर (बॉक्सखालची आडवी पट्टी) आणि रबरी फाउंडेशन. मॅन्युअलसाठीचा स्टार्टर. स्पीडोमीटरचा प्लास्टिक गिअर आणि केबल. ऑटोमॅटिक ट्रान्समिशन तेल ३ क्वार्ट. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) २, कारण शाफ्ट खाली आलाच आहे तर जुने परत घालण्यात अर्थ नाही.

स्टार्टर लोक हमखास विसरतात. ऑटोमॅटिकचा आणि मॅन्युअलचा स्टार्टर दिसायला सारखे, पण पिनियन किती आत जातं त्यात फरक असतो. चुकीचा लावला तर एकतर दात पूर्ण धरत नाहीत, किंवा पिनियन रिंगला घासत राहतं.

फ्लायव्हीलच्या २८ आणि ५० औंसांचं काय प्रकरण आहे?

फोर्डचं हे इंजिन बाहेरून संतुलित केलेलं असतं. फ्लायव्हील आणि पुढचा डँपर यांत मुद्दाम एका बाजूला वजन ठेवून क्रँकचा तोल साधलेला असतो. २६०, २८९ आणि १९८० पर्यंतच्या ३०२ ला हे वजन २८ औंसांच्या हिशोबाचं, १९८२ नंतरच्या ३०२ ला ५० चं. आता अडचण अशी की टी-५ ज्या गाडीतून येतो तिचं फ्लायव्हील ५० वालं असतं, आणि ते तुमच्या २८९ वर एकही अडथळा न येता बसतं. दात तितकेच, भोकं तीच. गाडी सुरू होते आणि सगळी थरथरायला लागते. तशीच चालवली तर क्रँकची मेन बेअरिंगं खराब होतात. म्हणून बॉक्सबरोबर ‘पूर्ण सेट’ मिळतोय म्हणून फ्लायव्हील घेऊ नका. आणि आधी कुणी इंजिन बदलून नवं ३०२ टाकलेलं असेल तर याच्या उलट: तिथे ५० च हवं.

बेल हाउसिंग कुठली?

दोन रस्ते आहेत. पहिला, १९८० च्या दशकातल्या मस्टँगची ॲल्युमिनियमची बेल. टी-५ तिच्यावर थेट बसतो आणि ती ६ बोल्टच्या ब्लॉकवर थेट बसते. पण तिच्यावर जुन्या सळ्यांच्या क्लचची झेड-बार (पेडलचा जोर क्लच फोर्ककडे नेणारा आडवा दांडा) बसायला जागा नाही, त्यामुळे केबल किंवा हायड्रॉलिक आलं. दुसरा, १९६० च्या दशकातली मूळ बेल आणि मधे अडॅप्टर प्लेट. त्यात मूळ झेड-बार चालते, इंजिन बेमध्ये सगळं जुनं दिसतं, पण जोडणीत एक जास्तीचा थर येतो आणि जितके थर तितकी मध्य सरकण्याची शक्यता.

ऑगस्ट १९६४ च्या आधी बनलेल्या गाड्यांत ब्लॉकला बेलसाठी ५ च बोल्ट असतात. त्यांना वरच्यापैकी काहीच थेट बसत नाही, वेगळी बेल मागवावी लागते. म्हणून आधी बोल्ट मोजा.

बेलचा मध्य डायल गेजने तपासायलाच हवा का? बोल्ट तर बरोबर बसलेत.

हवाच. संपूर्ण कामात एकच गोष्ट काटेकोर करायची असेल तर ही.

बेल दोन डॉवेल पिनांवर (जागा पक्की करणाऱ्या खुंट्यांवर) बसते. ब्लॉकची भोकं, पिना आणि बेलची भोकं, तिन्हीत थोडाथोडा फरक असतो आणि तो एकाच दिशेला साचला की क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सचा मध्य वेगळे होतात. ऑटोमॅटिकला हे चालून जातं, कारण कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणारा तेलाचा जोड) लवचिक पत्र्याच्या प्लेटवर असतो. मॅन्युअलचा टॉप शाफ्ट मात्र एका टोकाला क्रँकमध्ये आणि दुसऱ्या टोकाला बॉक्सच्या बेअरिंगमध्ये पकडलेला असतो. मध्य चुकला की प्रत्येक फेरीला तो वाकवला जातो. मग पायलट बेअरिंग वाजतं, क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर अडतात, बॉक्स गिअरमधून बाहेर पडतो. हजार-दोन हजार मैलांनंतर मालक बॉक्सला दोष देतो, दुसरा बॉक्स आणतो, आणि तोही तसाच जातो.

पद्धत अशी: फ्लायव्हील बसवा, क्लच नको. बेल बोल्ट घट्ट करून लावा. डायल गेजचा चुंबकी पाय फ्लायव्हीलवर, टोक बेलच्या मागच्या मोठ्या गोल भोकाच्या आतल्या कडेवर. स्पार्क प्लग काढून क्रँक हाताने पूर्ण एक फेरी फिरवा. गेजवर दिसणारा एकूण फरक ०.००५ इंचाच्या आत असला तर पुढे जा. जास्त असेल तर त्याच्या निम्म्याने बेल सरकलेली आहे. त्यासाठी ०.००७, ०.०१४ आणि ०.०२१ इंचाच्या ऑफसेट (मध्यापासून सरकवलेल्या) डॉवेल पिना मिळतात. गेज ०.०१४ दाखवत असेल तर ०.००७ ची पिन लागते. दोन्ही पिना एकाच दिशेला वळवायच्या, बेल बसवायची, परत मोजायचं. तीन-चार वेळा काढ-घाल होतेच. मग गेजचं टोक बेलच्या मागच्या सपाट तोंडावर ठेवून तेही तपासा, कारण तिथे रंगाचा पोपडा किंवा वाकडी प्लेट अडकलेली असू शकते.

बसवण्याचा क्रम काय ठेवायचा?

बॅटरी सोडा. गाडी चार भक्कम स्टँडवर, इतकी उंच की बॉक्स जॅकसकट खालून सरकेल. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका.

सी-४ काढताना कन्व्हर्टर त्याच्याबरोबरच बाहेर येऊ द्या. तो मध्येच सुटला तर तेलाने आंघोळ होते. तेल थंड करणाऱ्या दोन नळ्या रेडिएटरच्या टाकीपासून काढून तिथे प्लग लावा. कार्बोरेटरपासून येणारी किकडाउनची सळी काढा. आणि मॅनिफोल्डपासून सी-४ च्या मॉड्युलेटरला जाणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिथलं तोंड बंद करा. हे राहिलं की इंजिन हवा ओढतं, आयडल धडधडतं, आणि दोष विनाकारण कार्बोरेटरवर जातो.

आता क्रँकची मागची बाजू उघडी आहे. तिथे तेलाचा ओलावा दिसला तर मेन सील आत्ताच बदला. या इंजिनाचं सील दोन तुकड्यांचं असतं आणि त्यासाठी ऑइल पॅन उतरवावा लागतो. काम कंटाळवाणं आहे, पण महिनाभरात क्लच प्लेट तेलाने भिजलेली बघण्यापेक्षा बरं.

ऑटोमॅटिकच्या क्रँकमध्ये पायलट बेअरिंग नसतं, भोक मात्र असतं. ते साफ करून बेअरिंग सरळ ठोकून बसवा. फ्लायव्हीलचे बोल्ट आट्यांना सीलंट लावून, फुलीच्या क्रमाने, ७५ ते ८५ पाउंड-फूट, म्हणजे १०० ते ११५ न्यूटन-मीटर. सीलंट यासाठी की ही भोकं क्रँककेसमध्ये उघडतात आणि तेल आट्यांवाटे बाहेर येतं. क्लच प्लेटचा स्प्रिंगांचा फुगवटा गिअरबॉक्सकडे. अलाइनमेंट टूल घालूनच प्रेशर प्लेट आवळा, सहाही बोल्ट थोडेथोडे, आळीपाळीने.

बॉक्स चढवताना लिव्हर तात्पुरता बसवून बॉक्स गिअरमध्ये घाला. मग मागचा योक (प्रोपेलर शाफ्टचं बॉक्समध्ये जाणारं टोक) हळूहळू फिरवला की आटे जुळतात. शेवटचा अर्धा-पाऊण इंच राहिला आणि बॉक्स अडला, की माणसं बोल्ट आवळून तो आत ओढायला बघतात. तसं कधीच करू नका. ॲल्युमिनियमचा कान तडकतो किंवा पायलट बेअरिंग चिरडतं. खाली आणा, क्लच प्लेट पुन्हा मध्यावर घ्या. तसंच, बॉक्स टॉप शाफ्टवर लटकत सोडून चहाला जाऊ नका. प्लेटचा मधला भाग वाकतो आणि मग क्लच कितीही समायोजित केला तरी पूर्ण सुटत नाही. बॉक्स ते बेल बोल्ट ४५ ते ६५ पाउंड-फूट.

पेडल आणि क्लचची जोडणी?

ऑटोमॅटिकचं रुंद ब्रेक पेडल काढून मॅन्युअलचा पूर्ण सेट बसवावा लागतो. डॅशबोर्डखाली उलटं पडून करायचं काम आहे, पुढची सीट आधी काढा. जुना सेट घेतला असेल तर त्यातले झिजलेले बुश बाहेर असतानाच बदला. रोलर बेअरिंगचं किट मिळतं आणि पायाला फरक लगेच कळतो.

मूळ पेडलला डॅशखाली एक जाड मदतनीस स्प्रिंग असते. ती जुन्या जड प्रेशर प्लेटसाठी होती. डायफ्राम क्लचबरोबर ती ठेवली तर पेडल खाली गेलं की खालीच राहू शकतं. काढून टाका.

केबल स्वस्त आणि सरळ, पण एक्झॉस्टपासून लांब न्या. उष्णतेने वरचं आवरण वितळून ती जड होते. हायड्रॉलिक हलका चालतो. त्यात रिलीज बेअरिंगच्याच जागी बसणारा गोल सिलिंडर घेतला तर कंपनीने सांगितलेलं अंतर मोजूनच बसवा, कारण तो गळला की अख्खा बॉक्स उतरवावा लागतो. सळी किंवा केबल असेल तर पेडलला साधारण एक इंच मोकळा खेळ ठेवा.

प्रोपेलर शाफ्ट छोटा करावा लागतो का?

मोजल्याशिवाय सांगता येत नाही. बेल, अडॅप्टर, ॲक्सलचा गोळा, सगळ्यांनी लांबी बदलते. सी-४ चा २८ आट्यांचा योक टी-५ वर बसतो, एवढी बचत नक्की. मोजताना गाडीचं वजन मागच्या चाकांवर हवं. योक पूर्ण आत ढकला, मग पाऊण ते एक इंच बाहेर ओढा. त्या स्थितीत क्रॉसच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं माप शाफ्टवाल्याला द्या आणि शाफ्ट बॅलन्स करूनच घ्या. योक आत टेकत असेल तर प्रत्येक खड्ड्याला तो मेन शाफ्टवर ठोसा मारतो.

बॉक्सचा आणि पिनियनचा कोन डिजिटल कोनमापकाने बघा. दोन्ही मध्यरेषा समांतर आणि प्रत्येक क्रॉसवरचा कोन १ ते ३ अंश. क्रॉसमेंबरखाली चकत्या घालून हे जमवता येतं.

वायरिंगमध्ये काय बदलतं?

सी-४ चा न्यूट्रल सेफ्टी स्विच (फक्त पार्क किंवा न्यूट्रलमध्येच स्टार्टर चालू देणारा) गेला की स्टार्टरचं सर्किट तुटतं आणि गाडी किल्लीला दाद देत नाही. स्टार्टर सोलेनॉइडची लाल-निळ्या पट्ट्याची वायर दोन्ही बाजूंनी थेट जोडली की सुरू होते. पण त्याऐवजी मधे क्लच पेडलचा स्विच घाला. गिअरमध्ये राहिलेली गाडी किल्लीसरशी भिंतीवर जाते, आणि घरात लहान मुलं असतील तर हा स्विच टाळूच नये. रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरी टी-५ च्या रिव्हर्स स्विचला जोडायच्या.

स्पीडोमीटर चुकतो. कुठला गिअर घालू?

आउटपुट शाफ्टवरच्या गिअरचे दात गुणिले ॲक्सलचा रेशो गुणिले टायरची मैलामागची चक्रं, भागिले १०००. सात दात, ३.५०, ८२५ घेतले तर २०.२ येतात, २० दातांचा प्लास्टिक गिअर घाला.

तेल कुठलं, किती?

वर्ल्ड क्लास टी-५ ला डेक्सरॉन प्रकारचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन तेल, २.८ क्वार्ट, म्हणजे सुमारे २.६५ लिटर. भरायच्या भोकातून ओघळायला लागलं की पुरे. घट्ट गिअर ऑइल घालू नका. या बॉक्सच्या सिंक्रो रिंगांवर घर्षणाचं अस्तर असतं. जाड तेलात ते शाफ्टचा वेग वेळेत रोखू शकत नाही आणि थंडीत दुसरा गिअर अडतो.

गाडी चालू झाली, पण थरथर आहे. कुठून शोधू?

उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये रेस द्या. थरथर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढली तर फ्लायव्हील किंवा प्रेशर प्लेट. उभ्या गाडीत काही नाही आणि ठरावीक वेगालाच येते, कुठल्याही गिअरमध्ये, तर प्रोपेलर शाफ्ट, क्रॉस किंवा कोन.

इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात, चालू असताना अडतात.

क्लच पूर्ण सुटत नाही. आधी पेडलचा खेळ, मग केबलचा ताण किंवा हायड्रॉलिकमधली हवा. हे ठीक असेल तर पायलट बेअरिंग शाफ्टला पकडतंय, प्लेट उलटी बसलीय किंवा वाकलीय. फक्त रिव्हर्सलाच घासत असेल तर क्लच दाबून आधी पुढचा एखादा गिअर घाला आणि मग रिव्हर्स. शाफ्ट थांबलेला असला की आवाज होत नाही.

नवा क्लच लगेच दामटला तर?

पहिले ५०० मैल शहरात, थांबत-सुटत चालवा. प्लेट आणि फ्लायव्हीलची तोंडं एकमेकांना बसायला एवढं लागतं. आधीच जोर लावला तर प्लेट चकाकते आणि क्लच कायमचा धडधडत सुटतो.

गाडी महाराष्ट्रात नोंदलेली असेल तर कायद्याची अडचण येते का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल मनाने करता येत नाहीत, म्हणून आरटीओत आधी लेखी विचारा. २०२१ मध्ये आलेल्या विंटेज वाहनांच्या नियमांत पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेली चालत नाही. विंटेज नोंदणी घ्यायची असेल तर मजल्याचा पत्रा कापू नका. लिव्हरची जागा खालून खूण करून तपासा, कापाकापी लागत असेल तर तिथेच थांबा. सी-४, त्याचा कन्व्हर्टर, पेडल, शाफ्ट आणि क्रॉसमेंबर तेल लावून, नावाच्या चिठ्ठ्या बांधून कोरड्या जागी ठेवा. पुढचा मालक गाडी परत मूळ अवस्थेत नेऊ शकेल, आणि तेव्हा हे भाग आजच्याहून दुर्मीळ असतील.